ओळंबा, फळी आणि पावसाची झड

मामांच्या पिशवीत अजूनही पितळी ओळंबा असतो. साइटवर लेसरची हिरवी रेघ मारणारं यंत्र आलं त्यालाही आता काही वर्षं झाली, पण भिंत चढली की मामा एकदा तरी दोरी सोडून बघतात. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. त्या दिवशीही तो थांबला, मामांनी मान हलवली आणि मगच माझ्या हातातल्या नकाशाकडे बघितलं.

"हे काय? सगळ्या रेघा उभ्याच?"

इमारत नारायणगावच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्यावर. खाली आठ गाळे, वर दोन मजले. सांगाडा उभा राहिलेला, ब्लॉकच्या भिंती झालेल्या, आता प्रश्न होता दर्शनी बाजूचा. इकडे सगळे तिला एलिव्हेशनच म्हणतात. जागामालकाला एसीपी हवं होतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा भरलेलं चकचकीत पॅनेल. मामांना हवा होता गिलावा आणि खाली काळा दगड. मी काढला होता उभा फायबर सिमेंट बोर्ड. चाळीस वर्षं गवंडीकाम आणि ठेकेदारी केलेल्या माणसाला भाचीनं सिमेंटच्या फळ्या सुचवाव्यात, हे त्यांच्या मनाला लागलं असावं. पण आवाज चढला नाही.

"अगं, हा शिवनेरीचा मुलूख. जिकडं बघावं तिकडं डोंगर, आणि डोंगरात लेणी. काळ्या दगडानं इथं दोन हजार वर्षं काढली. आणि तू भिंतीला पुठ्ठा लावायला निघालीस?"

"पुठ्ठा म्हणालात ते फारसं चुकलं नाही, मामा. जुन्नरी कागद ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ऐकलंय. जुन्नरात कागदी लोक होते. हातानं कागद करायचे."

"कसा करायचे? लगदा पाण्यात कालवायचा, त्यात चाळणीसारखा साचा बुडवून वर उचलायचा. पाणी गळून जातं, तंतूंचा पातळ थर साच्यावर राहतो. हा बोर्डही तसाच होतो. ऑस्ट्रियात लुडविग हाचेक नावाचा कारखानदार होता, त्यानं १९०१ साली सिमेंटच्या शीटचं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र कागदाच्या यंत्रावरूनच बेतलेलं. सिमेंट आणि तंतू पाण्यात कालवलेले, त्यात फिरणारी जाळीची गोल चाळण, तिच्यावर धरलेला पातळ थर. तो थर एका मोठ्या रुळावर गुंडाळत जायचा आणि हवी तेवढी जाडी आली की कापून सपाट करायचा. अजून जगभर बहुतेक बोर्ड याच रीतीनं होतात."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. कसं बनतं हे कळल्याशिवाय ते कुठल्याच मालाबद्दल मत देत नाहीत. हा त्यांचा गुण मी उचलायचा प्रयत्न करते.

"कसले तंतू?"

"हाचेकनं ॲस्बेस्टॉसचे घातले होते."

"म्हणजे आपल्या गोठ्यावरचा पत्रा!"

"तोच. ती धूळ छातीत गेली की वर्षानुवर्षं बाहेर येत नाही, फुप्फुसं खाते, कर्करोगही होतो. युरोपीय संघानं २००५ पासून ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं. आपल्याकडे छपराचे पत्रे अजून विकले जातात. मी म्हणते त्या बोर्डात लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात, बाकी सिमेंट आणि बारीक वाळू किंवा राख. पण दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जायचं नाही. ॲस्बेस्टॉस नाही, हे कंपनीच्या कागदावर लिहून मागायचं."

"ते ठीक. पण थरावर थर चढवून केलेली वस्तू थराथरानंच सुटते. चल, गाडीत बस. दाखवतो तुला."

मंचरला वळून आम्ही घोडेगावच्या रस्त्याला लागलो. भीमाशंकरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी या रस्त्यावर राहण्याजेवणाच्या बऱ्याच जागा झाल्या आहेत. त्यातल्या एकीच्या पश्चिमेच्या भिंतीसमोर मामांनी गाडी थांबवली. तीनच पावसाळे पाहिलेली इमारत. लांबून ती सुरेख दिसत होती: राखाडी उभे बोर्ड, त्यांच्यावर ठरावीक अंतरानं पांढऱ्या पट्ट्या. जवळ गेलो तेव्हा खालची हातभर पट्टी रडवेली झालेली. बोर्डाची कड भिजलेल्या वहीसारखी फुगून उघडली होती. मी नखानं ओढलं तर एक पापुद्रा सहज हातात आला, त्याखाली दुसरा. प्रत्येक स्क्रूखाली गंजाचा तांबडा ओघळ. आडव्या सांध्यात भरलेली पुट्टी चिरून तिच्यात हिरवट शेवाळ धरलं होतं.

"बघ," मामा म्हणाले. एवढंच.

मी खाली बसले. बोर्ड थेट फरशीवर टेकलेला होता, आणि जिथं फरशी संपत होती तिथं मातीत. कापलेल्या कडांना रंगाचा हात लागलेला नव्हता. तिथल्या माणसानं परवानगी दिली म्हणून एक पट्टी सोडवून मागे बघितलं, तर बोर्ड गिलाव्याला चिकटूनच ठोकलेला, मधे कागद सरकवायलाही जागा नाही. आतली बाजू काळी आणि ओली होती, आणि तेही ऐन वैशाखात. तिथलाच सुतार म्हणाला, आतल्या पार्टिशनसाठी आणलेल्या शीट उरल्या होत्या, त्या बाहेर लावून टाकल्या.

"मामा, फायबर सिमेंटच्या सपाट शीटसाठी भारतीय मानक आहे, आयएस १४८६२. त्यात दोन प्रकार सांगितलेत, अ आणि ब. उन्हापावसात उघड्यावर लावायचा तो अ. घरात, आडोशाला लावायचा तो ब. इथं घरातला बोर्ड घोडेगावच्या पावसात उभा केलाय. वर त्याचे पाय मातीत, आणि पाठीला वारा नाही. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की थर सुटणारच, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. पण दोष फळीचा नाही."

"चूक कुठं झाली ते तुला कळलं, पोरी. मलाही कळलं. पण हा सुतार उद्या माझ्याच साइटवर कामाला येणार. त्याला मुकादम सांगणार, बोर्ड मार. तो मारणार. गिलावा बिघडला तर गावातला कुठलाही गवंडी थापी घेऊन येतो आणि दुरुस्त करतो. तुझा बोर्ड बिघडला तर कुणाला बोलवायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं नाही. नवा माल सुचवताना आम्ही वास्तुविशारद मालाबद्दलच बोलतो, तो लावणाऱ्या हातांबद्दल नाही. तालुक्याच्या ठिकाणी बोर्ड मिळतो, स्क्रू मिळतात, रंग मिळतो. तो नीट लावणारा माणूस मात्र एकेक करूनच तयार करावा लागतो.

चहाला थांबलो तिथून पश्चिमेकडचे डोंगर दिसत होते. पलीकडे डिंभ्याचं धरण, त्याच्या पाण्याखाली गेलेलं जुनं आंबेगाव, आणि त्याच्याही पलीकडे आहुप्याचं खोरं. मामांचं लहानपण त्या बाजूचं. मी विचारलं, तुमच्या घराच्या भिंती कशाच्या होत्या.

"कुडाच्या. कारवी तोडून आणायची, काठीला काठी लावून उभी करायची, कामट्यांनी बांधायची आणि दोन्हीकडून शेणमातीनं लिंपायची."

"उभीच का? आडवी का नाही?"

मामा हसले. "आडवी लावली तर प्रत्येक काठीवर पाणी थांबेल ना. उभीवरून सरळ खाली जातं. आणि कारवी मुळात वाढतेच सरळ."

"आणि झड? पश्चिमेची?"

"तिला झाप. मृगाच्या आधी बाहेरून गवताचा झाप बांधायचो. भिंतीला चिकटवायचा नाही, चार बोटं लांब. चिकटवला तर कूड सादळतो. पाऊस झापावर आपटायचा, आणि आत आलेलं थोडंफार पाणी मधल्या जागेतून खाली उतरायचं. दिवाळीला झाप सोडला की आतला कूड कोरडा खडखडीत."

बोलता बोलता ते थांबले. कप खाली ठेवला. मीही काही बोलले नाही. आपण काय सांगून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"तुझ्या नकाशात भिंत आणि बोर्डामध्ये मोकळी जागा आहे?"

"एक इंच."

"वरून उघडी?"

"वरून झाकलेली, पण हवा जाईल अशी. खालून उघडी, जाळी लावून. जाळी नसली तर पाली, उंदीर, गांधीलमाश्या आत घर करतील."

"काढ नकाशा."

टेबलावर नकाशा पसरला. मामांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं ते नेमकं माझ्या चुकीवर. "फळी उभी आहे. तिला धरणारं चॅनेल आडवं आहे. ते आडवं चॅनेल थेट भिंतीवर ठोकलंय. मग तुझी एक इंचाची जागा दर दोन फुटांवर बंद झाली की! वरून उतरलेलं पाणी या चॅनेलवर बसणार. हवा तरी कुठून वर चढणार?"

त्यांचं खरं होतं. आडव्या फळ्यांच्या मागे उभ्या पट्ट्या असतात, म्हणून त्यांच्यामागचं पाणी आपोआप खाली जातं. फळी उभी केली की पट्टी आडवी होते, आणि ज्या गुणासाठी फळी उभी केली तोच मागच्या बाजूला हरवतो. त्यावर उपाय आहे. आधी भिंतीवर उभी जीआय चॅनेल, त्यांच्यावर आडवी, आणि आडव्यांवर फळी. म्हणजे भिंतीलगतची जागा वरपासून खालपर्यंत मोकळी राहते. चॅनेलचा खर्च वाढतो. हा खर्च वाचवायचा असेल तर उभा बोर्ड लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती दुरुस्ती मी तिथंच, चहाच्या टेबलावर, पेन्सिलनं केली.

परतीच्या वाटेवर बोलणं जरा मोकळं झालं.

"बरं, पाण्याचं झालं. पण हे लाकडासारखं दिसणारं, रेषा उठवलेलं, ते मला पटत नाही. सिमेंटनं सिमेंटासारखं दिसावं."

"लेण्याद्रीचं चैत्यगृह आठवा, मामा. गणपतीच्या शेजारचं. छताला कमानदार फासळ्या आहेत की नाही? त्या लाकडी छताच्या फासळ्या आहेत, दगडात कोरलेल्या. दगडाला त्यांची काही गरज नव्हती. आधीची बांधकामं लाकडाची होती, डोळ्याला ती सवय होती, म्हणून कारागिरानं डोंगरातही लाकूड कोरलं."

"त्यानं छिन्नीनं कोरलं. महिनेच्या महिने घातले. तुझ्या कारखान्यात एक रूळ फिरतो आणि हजार शीटवर एकच गाठ उमटते. शेजारीशेजारी चार फळ्यांवर तीच गाठ दिसली की कोणाला लाकूड वाटणार?"

इथं मी हरले. तेव्हापासून मी साधा, गुळगुळीत बोर्डच सुचवते. लेण्याद्रीच्या कारागिरानं लाकडाची आठवण जपली, आणि तिच्यासाठी हात झिजवले. साच्यातल्या गाठीत ते नाही.

"मग नुसत्या गुळगुळीत बोर्डात तू शोभा आणणार कशानं?"

"सांध्यांनी. हे बघा, शीट चार फूट बाय आठ फूट. दोन शीटचा सांधा कुठंतरी दिसणारच. तो लपवायला उभी पट्टी लागते. आता फक्त सांध्यावरच पट्टी मारली तर भिंत गोदामासारखी दिसते. पण चार फुटांचे तीन भाग केले आणि दर सोळा इंचांवर तीन इंची पट्टी दिली, तर सांध्यावरची पट्टी कुठली आणि शोभेची कुठली हे कळतच नाही. तिरप्या उन्हात प्रत्येक पट्टीची बारीक सावली पडते. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे ना, बारा साध्या अष्टकोनी खांबांचं? त्यावर नक्षी नाही. तरी माणूस आत गेला की उभा राहतो तो त्या खांबांच्या अंतरामुळे."

"आणि पट्टी नको असली तर?"

"तर शीट कमीजास्त रुंदीत कापायची. सहा इंच, दहा, आठ, बारा, बारा. कापण्यात थोडं जातं. मधे पेन्सिलीएवढी फट उघडी ठेवायची, मागून काळी पट्टी. दुकानांच्या लांबलचक भिंतीला हे चांगलं. एकसारख्या रुंदीत ओळंबा जरा चुकला तरी डोळ्याला टोचतो. कमीजास्त रुंदीत थोडं सांभाळून जातं."

"ओळंबा चुकायचा कशाला?" मामा म्हणाले. त्यावर मी वाद घातला नाही.

आळेफाट्याकडून वारा सुटला की रस्त्यावरचे फ्लेक्स फाटतात, हा त्यांचा पुढचा मुद्दा. फट उघडी ठेवली तर वारा आत शिरून फळ्या उचकटेल, असं त्यांना वाटत होतं. मी खोडदचं उदाहरण दिलं. नारायणगावच्या परिसरात, शेतांमध्ये, जीएमआरटी प्रकल्पाच्या तीस रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, प्रत्येकीची थाळी ४५ मीटर व्यासाची. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती थाळी पत्र्यानं मढवली नाही. दोरांवर पोलादी तारांची जाळी ताणली. जाळीतून वारा आरपार जातो, म्हणून एवढी मोठी थाळी हलक्या सांगाड्यावर उभी राहते. बोर्डाचंही थोडंफार तसंच आहे. फट उघडी असली की पुढचा आणि मागचा हवेचा दाब बराचसा सारखा होतो, आणि फळीवर ओढ कमी येते. अर्थात स्क्रू काठापासून निदान अर्धा इंच आत हवा, भोक आधी पाडून घ्यायला हवं आणि इमारतीच्या कोपऱ्यांना स्क्रू जास्त हवेत, कारण वारा कोपऱ्यालाच ओढतो.

"वजन?"

"आठ मिलिमीटरचा बोर्ड चौरस मीटरला साधारण अकरा किलो. तुमचा वीस मिलिमीटरचा गिलावा चाळीसच्या आसपास."

मामांनी मनातल्या मनात हिशेब केला. आकडा पटला की ते खालचा ओठ दाबतात, तसा दाबला.

पण एका गोष्टीवर ते माझ्याहून जास्त गंभीर होते, आणि ती मी नकाशावर कुठंच लिहिली नव्हती. कापताना उडणारी धूळ. "खाणीवर काम केलेली माणसं मी बघितलीत," ते म्हणाले. "चाळिशीत धाप लागायची. जिना चढता यायचा नाही. हा बोर्ड पोरं ग्राइंडरनं कापणार, तोंडाला रुमाल बांधून. रुमालानं काय अडतं?" काही अडत नाही. बोर्डातल्या वाळूची अतिबारीक धूळ म्हणजे सिलिका, ती रुमालातून आत जाते आणि सिलिकोसिस देते. त्यावर औषध नाही. म्हणून बोर्ड शक्यतो रेघ ओढून मोडायचा किंवा कात्रीनं कापायचा. यंत्रच लावायचं तर धूळ ओढून घेणारं किंवा पाणी सोडणारं, उघड्या जागेत, आणि योग्य मास्क घालून. दिखाऊ भिंतीपायी वीस वर्षांच्या पोराची छाती जाणार असेल तर ती भिंत मला नको. हे वाक्य आता माझ्या प्रत्येक निविदेत पहिल्या पानावर असतं, अर्थात सरकारी भाषेत.

जागामालकाशी बैठक दुसऱ्या दिवशी झाली. एसीपी का नको, असं त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांना लंडनच्या ग्रेनफेल टॉवरबद्दल सांगितलं. १४ जून २०१७ च्या रात्री एका घरातली आग बाहेरच्या आवरणाला लागली, आणि आवरणाच्या पॅनेलमध्ये पॉलिथिलीनचा गाभा होता. ७२ माणसं गेली. सगळं एसीपी तसं नसतं. न पेटणाऱ्या खनिज गाभ्याचंही मिळतं, पण ते महाग. आपल्या बाजारात स्वस्तात मिळतं ते कुठलं, हे घेणारा विचारत नाही. खाली गाळ्यांमध्ये फरसाणाची कढई आणि वर दवाखाना असेल तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. फायबर सिमेंट बोर्ड आग धरत नाही. तरी मागची पोकळी धुराड्यासारखी काम करू शकते, म्हणून प्रत्येक मजल्याच्या पातळीवर तिच्यात, एरवी हवेला वाट राहील असा, आग अडवणारा अडसर घालावा लागतो.

ते ऐकून मालक शांत झाले. मग म्हणाले, "आणि गाळेवाल्यांच्या पाट्या?"

दुकानांच्या इमारतीत एलिव्हेशनचा खरा शत्रू पाऊस नसतोच, पाट्या असतात. इमारत पूर्ण होते, फोटो निघतात, आणि महिन्याभरात आठ गाळेवाले आठ फॅब्रिकेटर घेऊन येतात. प्रत्येक जण बोर्डात हवं तिथं भोक पाडतो. शेजारी एसीचं यंत्र टांगतो, त्याची नळी भिंतीवर सोडतो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, कुठंही बघा, चांगल्या कामाची अशीच दशा झाली आहे. म्हणून पाटीची जागा नकाशातच हवी. गाळ्यांच्या शटरवर, पहिल्या स्लॅबच्या पातळीला, अडीच फुटांचा आडवा पट्टा सोडायचा. त्यात बोर्ड नाही, स्लॅबला धरलेला लोखंडी सांगाडा, आणि पाटी फक्त त्याला. उभ्या शीटचा आडवा सांधाही नेमका त्याच पट्ट्यात संपवायचा, म्हणजे सांध्यावर वाकवलेली झेड पट्टी दिसतही नाही आणि पाणी बाहेर टाकत राहते.

"आणि मला एक गोष्ट मनापासून आवडते," मी म्हणाले. "दुकानांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लावावंच लागतं. देवनागरीला वर शिरोरेघ आहे. उभ्या फळ्यांच्या मधोमध आठ पाट्यांची शिरोरेघ एका ओळीत आली, तर दुसऱ्या कुठल्या नक्षीची गरज राहत नाही."

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "शिरोरेघ एका ओळीत आणायची जबाबदारी कोणाची?"

"भाडेकराराची," मालक म्हणाले. "घालू अट."

रंगावर फार वेळ गेला नाही. मालकांना गडद काळपट हवा होता. दुपारनंतरचं ऊन दर्शनी भिंतीवर येतं, आणि गडद बोर्ड तापतो, जास्त प्रसरण पावतो, रंगही लवकर उडतो. आम्ही फिकट मातकट घेतला, ज्यावर रस्त्याची धूळ बसली तरी ओंगळ दिसत नाही.

खालच्या भागावर मात्र मामांनी माझं काही चालू दिलं नाही, आणि ते बरं झालं. जमिनीपासून साडेतीन फूट काळा घडीव दगड, त्याच्या माथ्याला बाहेर उतार, आणि त्यावर दोन इंच मोकळे सोडून मग बोर्ड सुरू. रस्त्यावरचा चिखल उडतो तो तेवढ्याच उंचीपर्यंत, आणि गाळ्यांसमोर टोमॅटोचे क्रेट, हातगाड्या, दुचाक्या आपटतात त्याही तिथंच. बोर्डाला जोराचा धक्का सोसत नाही, कोपरा उडतो. दगडाला काही होत नाही. वर छतावर मी दीड फुटाचा छज्जा वाढवला. त्याच्या खालच्या काठाला पाणी तोडणारी खाच मामा स्वतः धरणार आहेत.

पश्चिमेच्या भिंतीवर आमचं एकमत झालं नाही. मामा म्हणतात, तिथं गिलावाच. मी म्हणते, झाप लागायचा तो तिथंच. शेवटी त्या भिंतीवर एकच शीट लावायची ठरली, अ प्रकारची, सगळ्या कडा आधी रंगवून, मागे दुहेरी चॅनेलवर. शेजारी तेवढ्याच मापाचा गिलावा. पुढच्या दिवाळीला दोन्ही उघडून बघायचे. नारायणगावात पाऊस बेताचा असतो, त्यामुळे इथं बोर्ड टिकला म्हणून तो घोडेगावच्या वर किंवा जुन्नरच्या पश्चिमेला आपटाळ्याकडे टिकेलच, असं मी म्हणणार नाही. तिकडे मोठा छज्जा नसेल तर उघड्या भिंतीवर हा बोर्ड मी आजही सुचवत नाही.

शीट लावायला मामांनी घोडेगावच्या त्याच सुताराला बोलावलं. आधी त्याला कूड आणि झाप यांची गोष्ट सांगितली, मग नकाशा दाखवला. त्याला समजायला दहा मिनिटं लागली नाहीत. त्याच्या आजोळचं घरही कारवीचंच होतं.

जुन्नर-आंबेगावात यंदा कुणी गाळे, लॉज, दवाखाना बांधत असेल आणि दर्शनी भिंतीला बोर्ड लावायच्या विचारात असेल, तर मृग लागायच्या आत ठेकेदाराला एवढंच विचारा: शीट कोणत्या प्रकारची आहे ते कागदावर दाखव, बोर्डामागे शिरलेलं पाणी कुठून बाहेर पडेल ते बोट ठेवून दाखव, आणि कापणाऱ्या पोराचा मास्क दाखव. तिन्ही दाखवता आली नाहीत, तर गिलावाच करा.